खोकं मोठं की सॉकेट मोठं?

दुरुस्तीचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून सांगलीत घरबसल्या मी हे सदर लिहितो. मिक्सर, गिझर, फ्रिज झाले. पाडवा जवळ आल्यामुळं असेल, या खेपेच्या टपालात मायक्रोवेव्हच जास्त निघाला. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत. ज्यांचं नाव छापलं नाही त्यांनी रागावू नये, नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : काका, घरात आम्ही चौघं. मी शाळेत नोकरीला. सासूबाई लवकर जेवतात, मुलगा क्लासवरून उशिरा येतो, त्यामुळं दिवसभर कुणाचं ना कुणाचं ताट गरम करणं चालूच असतं. पाडव्याला मायक्रोवेव्ह घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, २८ लिटरचा कन्व्हेक्शनच घ्या. केक होतो, तंदुरी होते, घ्यायचाच तर एकदाच काय तो घ्या. आमच्या ह्यांचंही तेच मत. तुम्ही काय म्हणता? – एक वाचक, विटा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात केक फक्त दुकानदाराच्या तोंडी आहे. तुम्ही स्वतः लिहिलंय ते सगळं गरम करण्याबद्दल. म्हणजे तुम्हाला लागणारं यंत्र तुम्हीच सांगितलंत.

दुकानात तीन जाती मिळतात. सोलो म्हणजे नुसता मायक्रोवेव्ह : गरम करणं, शिजवणं, बर्फ सोडवणं. ग्रिलवाल्याच्या छताला तापणारी कांडी असते, तिनं वरून लाली येते. कन्व्हेक्शनमध्ये वेगळी कॉइल आणि गरम हवा फिरवणारा पंखा असतो, त्यामुळं तो भट्टीसारखाही चालतो. केक होतो हे खरंच आहे. पण तो मायक्रोवेव्हच्या वेगानं होत नाही. आधी भट्टी तापवायची, मग अर्धा-पाऊण तास थांबायचं. तेवढंच काम निम्म्या पैशातला साधा ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, करतो. ज्या बायका घरी केक करून विकतात त्यांच्या ओट्यावर मला ओटीजीच दिसतो. कन्व्हेक्शन घेतलेल्यांच्या घरी पहिल्या महिन्यात दोन केक होतात, मग त्या खोक्यात आमटी गरम होत राहते. आणि भट्टीच्या उष्णतेनं आतल्या भिंतीवरचे तेलाचे शिंतोडे असे भाजून बसतात की घासून हात दुखतात. दुरुस्तीला आलेला कन्व्हेक्शन आधी पुसावा लागतो, मग उघडावा लागतो.

तुम्ही २३ ते २५ लिटरचा घ्या. २० लिटरवाला स्वस्त पडतो, पण त्यात काचेची थाळी साधारण दहा इंची असते. त्यावर तुमचं अकरा इंची ताट ठेवलं की कड भिंतीला अडते, थाळी जागीच कुरकुरते आणि अन्न एका बाजूनं उकळतं, दुसऱ्या बाजूनं गार राहतं. दुकानात जाताना लिटर विसरा. घरातलं रोजचं सगळ्यात मोठं भांडं पिशवीत टाकून घेऊन जा आणि आत ठेवून फिरवून बघा. दुकानदार हसला तर हसू दे.

मायक्रोवेव्हच्या मागच्या पट्टीवर दोन आकडे असतात. एक तो वीज किती ओढतो त्याचा, समजा १२०० वॅट. दुसरा अन्नाला प्रत्यक्ष किती मिळतं त्याचा, समजा ८००. मधले ४०० यंत्र स्वतःच तापण्यात घालवतं, म्हणून तर मागं पंखा घोंघावतो. तुलना करायची ती दुसऱ्या आकड्याची. ८०० ते ९०० घरात पुरतात.

सासूबाईही वापरणार असतील तर दोन गोल बटणांचा घ्या, एक ताकदीचं, एक वेळेचं. टच पॅनलवर पन्नास पदार्थांची नावं छापलेली असतात. ती वाचायला चष्मा शोधेपर्यंत आमटी गॅसवर गरम होते. शिवाय त्या पॅनलच्या मागं ऊब असते आणि झुरळांना ऊब प्यारी. बटणं दाबली जात नाहीत म्हणून आलेला मायक्रोवेव्ह उघडला की आत झुरळांचा अख्खा वाडा नांदत असतो. गोल बटणाच्या टायमरची एकच खोड : अर्ध्या मिनिटासाठी थेट अर्ध्यावर फिरवलं तर तो नीट धरत नाही. आधी दोन मिनिटांच्या पुढं न्यायचा, मग मागं आणायचा.

आता खरा खर्च. तुमच्या ओट्याजवळ १६ अँपिअरचं, मोठ्या तीन भोकांचं सॉकेट आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि मला काळजी तिथंच वाटते. १२०० वॅट म्हणजे पाच अँपिअरच्या वर. कन्व्हेक्शन चालू असताना दोन हजार वॅटच्याही पुढं जातो. असलं यंत्र मिक्सरच्या छोट्या सॉकेटवर, त्यातही मल्टिप्लग लावून शेजारी फ्रिज, असं चालवणारी घरं मी भरपूर बघितली आहेत. सॉकेट पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग वास येतो, आणि मग लोक मायक्रोवेव्हच्या कंपनीला शिव्या देतात. कन्व्हेक्शन न घेतल्यानं जे चार-पाच हजार वाचतील त्यातून वायरमन बोलवा. थेट बोर्डापासून जाड वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, आणि अर्थिंग लागतंय का ते त्याच्याकडून तपासून घ्या. ‘वायर हाय की तिसरी’ एवढ्यावर त्याला सोडू नका. तिसरी वायर असते, पण बऱ्याच जुन्या घरांत ती कुठंच गेलेली नसते.

आणि कपाटात कोंबू नका. मागं, बाजूला चार बोटं आणि वर वीतभर तरी मोकळी जागा पाहिजे.

प्रश्न : काका, आईचा ठाम विरोध आहे. ‘त्या किरणांनी कॅन्सर होतो, अन्नातलं सत्त्व जातं,’ असं तिला कुणीतरी पाठवलंय. घरात लहान मूल आहे. खरं काय? – एक वाचक, तासगाव

उत्तर : आईंना आधी हे सांगा की ही लहर रेडिओच्याच घराण्यातली आहे, एक्स-रेच्या नाही. घरातल्या मायक्रोवेव्हची लहर २४५० मेगाहर्ट्‌झची, म्हणजे तुमचा वायफाय ज्या पट्ट्यात चालतो त्याच पट्ट्यातली, फक्त ताकद कितीतरी पटीनं जास्त. ती अन्नातल्या पाण्याला हलवून गरम करते. गरम करण्यापलीकडं ती अणू-रेणू फोडत नाही आणि बटण बंद झालं की दिवा मालवावा तशी संपते. अन्नात शिल्लक काही राहत नाही. सत्त्वाचं म्हणाल तर भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतलं की जास्त जातं.

या यंत्राचा जन्मही रडारच्याच घरातला. १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचे इंजिनिअर रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे ही लहर तयार करणाऱ्या नळीजवळ, काम करत होते आणि त्यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं. तिथून दोन वर्षांत पहिला ओव्हन विकायला आला. माणसाच्या उंचीचा आणि तीनशे किलोच्या वरचा. ओट्यावर बसेल असा यायला १९६७ उजाडलं. आजही आत तोच मॅग्नेट्रॉन आहे, फक्त मुठीएवढा झालाय.

लहर बाहेर येते का? दाराच्या काचेत जी बारीक भोकांची जाळी दिसते ती कशासाठी आहे बघा. लहरीची लांबी बारा सेंटिमीटर, भोक दीड-दोन मिलिमीटरचं. उजेड आरपार जातो, लहर अडते. आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा अशी की डब्यापासून पाच सेंटिमीटरवर, दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त गळती नको. आणि लांब गेलं की ती झपाट्यानं आणखी घटते. दार अडकतं त्या हुकामागं दोन-तीन स्विच असतात. दार उघडलं की तिथल्या तिथं बंद. त्यातला एक तर असा लावलेला असतो की बाकीचे अडकून बसले तर तो मुद्दाम फ्यूज उडवतो. म्हणून ‘दार आपटून लावलं आणि यंत्र मेलं’ ही तक्रार आली की मला बरंच वाटतं. राखणदार जागा होता.

धोका कुठं आहे तेही सांगतो. दार वाकलेलं, बिजागरी ढिली, जाळीला गंज, कडेला जळकं अन्न साठलेलं : असा मायक्रोवेव्ह वापरू नका. दारावर ओला पंचा वाळत घालू नका, तेवढ्यानंही बिजागरी हळूहळू खाली बसते. आणि आत मोबाइल ठेवून ‘रिंग वाजली, म्हणजे गळती आहे’ ही परीक्षा कुणी दाखवली तर सोडून द्या. मोबाइलला नावापुरता सिग्नल पुरतो, त्यावरून गळती कळत नाही.

लहान मुलाची एकच गोष्ट मात्र आईंचं ऐकून करा. दुधाची बाटली यात गरम करू नका. बाहेरून बाटली कोमट लागते आणि मधल्या एखाद्या घोटाला चटका असतो. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवायची जुनी पद्धतच बरी.

तुम्ही तासगावचे, म्हणून जाता जाता. द्राक्षं आत ठेवू नका. थॉमसन असो की सोनाका, दोन मणी एकमेकांना चिकटून ठेवले तर मधून ठिणगी निघते, खरीखुरी जाळाची. पाण्यात शिरल्यावर ही लहर आखडून सव्वा सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे बरोबर एका मण्याएवढी. ती मण्यात कोंडली जाते आणि दोन मणी टेकतात तिथं सगळा जोर एकवटतो. २०१९ साली कॅनडातल्या तिघा भौतिकशास्त्रज्ञांनी हे मोजून छापलं. पोरांना प्रयोग करावासा वाटेल, काच तडकते.

प्रश्न : भाकरी गरम केली की पहिल्यांदा मऊ आणि दोन मिनिटांत चामडं. पोळीचंही तेच. आमटी कडेनं उकळते, मधे गार. मग याचा उपयोग काय? – एक वाचक, कराड

उत्तर : भाकरीसाठी नाही, हे आधी कबूल करू. ज्वारीची भाकरी तव्यावर किंवा विस्तवावर शेकली की वरचा पापुद्रा खरपूस होतो. हा डबा पापुद्रा करूच शकत नाही, तो पाणी तापवतो, वाफ बाहेर काढतो आणि गार झाल्यावर मागं कडक पीठ उरतं. तरी वेळ नसेल तर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यात गुंडाळून, निम्म्या ताकदीवर, दहा-पंधरा सेकंद. जास्त नाही. आणि लगेच ताटात. टीव्हीपुढं पाच मिनिटं ठेवलेली भाकरी परत आणून मला दोष देऊ नका.

आमटीचं गणित निराळं. लहर अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरते. त्याच्या आतलं जे गरम होतं ते बाहेरच्या उष्णतेनं, हळूहळू. ‘आतून बाहेर शिजतो’ असं जाहिरातीत म्हणतात ते खरं नव्हे. म्हणून खोल वाडग्याऐवजी पसरट भांडं, वर झाकण पण वाफेला फट, मधे एकदा थांबवून ढवळायचं, आणि बंद झाल्यावर मिनिटभर तसंच ठेवायचं. ते एक मिनिट कुणी पाळत नाही. भात, उसळ ताटात मांडायची तर मधे खळगं करून कडेनं पसरा, मधला गार गड्डा राहत नाही. कोरड्या भातावर पाण्याचा हबका मारा.

मात्र ‘उपयोग काय’ म्हणालात, तर एक काम असं आहे की त्यासाठी मी हे यंत्र घरात ठेवीन : शेंगदाणे. कूट लागतं आपल्याला रोज. काचेच्या पसरट भांड्यात पाव किलो शेंगदाणे, पूर्ण ताकद, दर मिनिटाला हलवायचे. तीन-चार मिनिटांत वास सुटतो. तो सुटला की बंद करा, बाहेर काढल्यावरही ते आतल्या आत भाजत राहतात. अजून कच्चे वाटले तरी धीर धरा, गार झाल्यावर कुरकुरीत होतात. जळायचे ते आतून जळतात आणि वरून कळत नाही, म्हणून शेवटच्या मिनिटात फोन घेऊ नका. उडदाचा पापड पाऊण मिनिटात, तेलाशिवाय. मऊ पडलेलं भडंग अर्धा मिनिट, मग पंख्याखाली. रवा भाजता येतो पण ढवळत राहावं लागतं, मग कढईनं काय वाईट केलंय?

न करायच्या गोष्टी पटकन. कवचासकट अंडं नको, सोललेलं उकडलेलंही नको, तोंडाजवळ फुटतं. नुसतं पाणी गुळगुळीत कपात जास्त वेळ तापवू नका : उकळी दिसत नाही, पण चमचा किंवा चहाची पूड टाकली की एकदम उसळून हातावर येतं. आत लाकडी चमचा ठेवा. हळदीची आमटी प्लास्टिकच्या डब्यात तापवू नका. आपल्या सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, ती डब्यालाही कायमचं मानांकन देऊन जाते.

प्रश्न : भावानं चुकून स्टीलची वाटी ठेवली, काहीच झालं नाही. मग स्टील चालतं का? – मिरज

उत्तर : नाही. भरलेली, गुळगुळीत कडेची, भिंतीपासून लांब असलेली वाटी कधी निभावून जाते. चमचा, फॉइल, सोनेरी कडेची बशी, चांदीचा वर्ख लावलेली बर्फी निभावत नाही. आणि निभावलं तरी स्टीलमधून लहर आत जात नाही, अन्न फक्त उघड्या तोंडातून तापतं. बोरोसिलिकेट काच, साधी चिनी माती आणि ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं, तळाला ५ आकडा असलेलं प्लास्टिक चालतं. मेलामाइनच्या रंगीत बशा नकोत.

प्रश्न : गावभागात आमचं घर. २०१९ च्या पुरात मायक्रोवेव्ह पाण्यात गेला. तेव्हापासून माळ्यावर आहे, आता पूर्ण वाळलाय. बाहेरून चांगला दिसतो. एकदा लावून बघू का? नाहीतर भाचा म्हणतो, मी उघडून साफ करतो. – सांगली

उत्तर : दोन्ही नको. भाच्याला तर मुळीच हात लावू देऊ नका.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. घराघरांत शिरलं ते नुसतं पाणी नव्हतं. कृष्णेचा गाळ, गटाराची घाण, डिझेल, सगळं होतं. पाणी वाळतं. गाळ ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत बसतो आणि वाळल्यावरही ओल धरतो. या ट्रान्सफॉर्मरमधून दोन हजार व्होल्टच्या वर वीज निघते. घरातल्या सॉकेटात २३०, यात त्याच्या नऊ-दहा पट. गाळातून तिला वाट मिळाली तर फ्यूज उडाला तर नशीब.

उघडण्याचं म्हणाल तर टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन यांपेक्षा आमच्या धंद्यात या डब्याला जास्त मान आहे, तो भीतीपोटी. आत एक मोठा कपॅसिटर असतो. पिन काढल्यावरही तो वीज धरून राहू शकतो. ती निचरा करणारा रेझिस्टर आत असतो, पण तो शाबूत असेलच असं धरून चालणारा कारागीर फार दिवस कारागीर राहत नाही. तुमचा वर्षानुवर्षं पडून आहे, त्याच्यात आता काही नसेल. पण भाचा एकदा हा उघडून शिकला की पुढचा कालचाच बंद पडलेला उघडेल.

आणखी एक, कारण हल्लीची पोरं व्हिडिओ बघतात. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची झाडासारखी नक्षी जाळायची, असा प्रकार आहे. त्यात परदेशात कितीतरी माणसं जागच्या जागी मेली आहेत, त्यात जाणकार कारागीरही होते. म्हणून भंगारवाल्याला देताना अख्खा देऊ नका. वायर मुळापासून कापून, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. आणि नवीन घ्याल तो खालच्या मजल्यावर ओट्याला स्क्रूनं कायमचा बसवू नका. पाण्याचा इशारा आला की दोघांनी उचलून वर नेता आला पाहिजे.

प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरवर चालेल का? – कोरेगाव

उत्तर : नाही. घरगुती ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर ‘टूं’ करून बसतो. लाइट आल्यावर गरम करा. आणि बिलाची चिंता असेल तर १२०० वॅटचा डबा पाच मिनिटं चालला की युनिटचा दहावा भाग जातो, त्याला घाबरू नका. रात्री सॉकेटचं बटण मात्र बंद करा. आकडे दाखवत जागा राहणारा डबा महिन्याला दोनेक युनिटं उगाच खातो.

प्रश्न : सहा वर्षांचा मायक्रोवेव्ह आता फार हळू तापवतो आणि कधी आतून उजव्या भिंतीवर ठिणग्या दिसतात. मेकॅनिक म्हणतो मॅग्नेट्रॉन गेला, बदलायला निम्म्या किमतीएवढे पैसे. विश्वास ठेवू का? – वाई

उत्तर : ठिणगीचं आधी. उजव्या भिंतीवर पत्त्याएवढा एक करडा, कागदासारखा तुकडा असतो. तो अभ्रकाचा पत्रा. लहर त्याच्यामागून आत येते आणि तेल, वाफ मागं जाऊ नये म्हणून तो तिथं असतो. पॅकिंगचा पुठ्ठा समजून तो ओढून काढणारे महाभाग आहेत. त्यावर आमटीचे शिंतोडे बसले की ते जळून कोळसा होतो आणि ठिणग्या तिथून निघतात. मायक्रोवेव्ह लगेच थांबवा, पत्रा काढून बघा. काळं भोक पडलेलं असेल तर नवा पत्रा घ्या, कात्रीनं मापाला कापता येतो. दुरुस्तीतली ही सगळ्यात स्वस्त गोष्ट. तो बसेपर्यंत यंत्र चालवू नका, नाहीतर खरोखर मॅग्नेट्रॉन जाईल.

हळू तापण्याचं मेकॅनिकला विचारायच्या आधी स्वतः मोजा. नवा पत्रा बसल्यावर काचेच्या भांड्यात मोजून एक लिटर पाणी घ्या, थर्मामीटरनं तापमान लिहून ठेवा. ताप बघायचा नव्हे, १०० अंशांपर्यंतचा. पूर्ण ताकदीवर बरोबर एक मिनिट. बाहेर काढून ढवळा, लगेच पुन्हा तापमान बघा. जितके अंश वाढले त्याला ७० नं गुणा, तितके वॅट पाण्याला मिळाले. पट्टीवर ८०० लिहिलं असेल तर पाणी अकरा अंशांच्या आसपास वाढायला हवं. दहा आलं तरी यंत्राला काही झालेलं नाही. सहा-सात आलं तर एकदा पहाटे, लाइटीचा दाब चांगला असताना पुन्हा करा. उन्हाळ्यात संध्याकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत खाली येणारी गावं आहेत, तिथं कुठलाही मॅग्नेट्रॉन लंगडाच चालतो आणि बदलून नवा बसवला तरी लंगडाच चालेल. पहाटेही सहाच आलं तर मेकॅनिक खरं बोलतोय. मग त्याच्या पैशात आणि नव्या सोलोच्या किमतीत किती फरक आहे ते बघा, आणि दोन्ही आकडे मला कळवा.